लिमयेबाईंचा चौथा ऋतू

सिंगापूरच्या बेडोक भागातल्या एका ब्लॉकच्या दहाव्या मजल्यावर, सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या कॉरिडॉरमध्ये, लिमयेबाई रोज सकाळी एका झाडाला बर्फ घालत. पाणी नाही, बर्फ. फ्रीजमधला ट्रे आणायचा, कठड्यावर उलटा आपटायचा आणि सुटलेले खडे कुंडीत बुंध्याभोवती गोल मांडायचे. पूजेत सुपाऱ्या मांडतात तसे, एकेक, हाताने. झाड होतं जपानी प्लमचं. कमरेएवढं, काटकुळं, पानं बेताची. बाई त्याला 'उमे' म्हणत. या झाडाला कडक हिवाळा लागतो, गारठा खाल्ल्याशिवाय ते फुलत नाही, असं त्यांचं म्हणणं. सिंगापुरात बाराही महिने एकच ऋतू, घामाचा. मग हिवाळा आणायचा कुठून? तर ट्रेमधून.

शेजारची चिनी म्हातारी दारात बसून हे रोज बघायची. "आंटी, युअर ट्री एव्हरी डे ड्रिंक आईस, लेटर कॅच कोल्ड लाह!"

"दॅट इज द प्लॅन," बाई गंभीरपणे म्हणायच्या.

सेंगकांगला राहणारी त्यांची नात शनिवारी यायची. सात-आठ वर्षांची. ती झाडाकडे बघून इथल्या इंग्रजीत निकाल द्यायची, "आजी, धिस ट्री कॅनॉट वन," म्हणजे याला काही जमायचं नाही. बाई तिला मराठीत म्हणायच्या, "तुला पहिल्या दिवशी पोहता आलं होतं का गं? मग गप्प बस."

मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मलाही राहवलं नाही. "बाई, ट्रेभर बर्फानं उन्हाळा जातो होय?"

"उन्हाळा घालवायचा नाहीये, शिर्के. झाडाला नुसती कल्पना द्यायचीय."

पुढे लिहिण्याआधी एक सांगून ठेवतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी आरती ओवाळायला बसलोय. लिमयेबाईंवर माझा राग आहे. होता नाही, आहे. त्यांनी माझ्या तोंडून एक गोष्ट काढली जी माझ्या बापालाही काढता आली नव्हती, आणि तीही मला न विचारता. त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय, कारण लिहिण्यासारखी माणसं आयुष्यात फार येत नाहीत, आणि जी येतात ती आपल्या सोयीने वागणारी असतातच असं नाही.

मी कुपवाडचा. एमआयडीसीत लेथवर हात काळे करून शिकलो. सिंगापूरला आलो तो जहाजांच्या दुरुस्तीच्या कामावर, आणि पंधरा वर्षं दुसऱ्याचं लोखंड कापल्यावर तुआसमध्ये स्वतःचं वर्कशॉप टाकलं. यंत्रांचे भाग, शाफ्ट, बुश, फ्लॅन्ज, जे लागेल ते कापून देतो. मला इंग्रजी कामापुरतं येतं आणि भांडण सगळ्या भाषांत येतं. चिनी, तमिळ, मलय, कुणाशीही मी भाव करू शकतो. अडलो ते जपान्यांपाशी. दोन हजार दहाच्या आसपास एका जपानी कंपनीचं काम मिळण्यासारखं होतं. त्यांचे मॅनेजर ओकुदा-सान. मी आकडा सांगायचो, ते मान हलवायचे. मला वाटायचं झालं. दुसऱ्या दिवशी कळायचं की मान हलवली ती ऐकू आलं म्हणून, पटलं म्हणून नव्हे.

मंडळाच्या गणपतीत कुणीतरी लिमयेबाईंचं नाव सुचवलं. पुण्यात जपानी शिकलेल्या, नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीमुळे इथे आल्या, नवरा गेल्यावर इथेच राहिल्या. वर्षानुवर्षं जपानी कंपन्यांत दुभाष्याचं काम. साठीच्या आतबाहेर, उंचीने माझ्या खांद्याएवढ्या, कायम सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. तुआसच्या कारखान्यांत साडीखाली बूट घालून फिरणारी ती एकच बाई असावी. फोरमन लोक तिला वाट करून देत, आणि मला म्हणत, "बॉस, युअर मदर कम."

बाईंची काम करायची रीत ठरलेली होती. मीटिंगच्या दिवशी सकाळपासून काही खायच्या नाहीत. पोट भरलं की कान जड होतात म्हणायच्या. पर्समध्ये आलेपाकाच्या वड्यांचा डबा असे, पुण्याहून मागवलेला. आत जाण्याआधी एक स्वतःच्या तोंडात आणि एक माझ्या हातावर. "ठेवा तोंडात. तोंडात काही असलं की माणूस पटकन बोलत नाही." खुर्ची टेबलापासून अर्धं पाऊल मागे ओढून बसायच्या. हातात घडी घातलेला रुमाल. मी बोलताना तो डाव्या हातात, जपानी बोलताना उजव्या. आणि माणूस बोलत असताना त्याच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, टेबलावरच्या त्याच्या हातांकडे बघायच्या. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "तोंडाचं मला ऐकू येतंच आहे. हात काय म्हणतात तेवढं बघावं लागतं."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक गोष्ट बजावली होती. "शब्द मी नेते, शिर्के. राग तुमचा तुमच्यापाशी ठेवा. त्याची हमाली मी करत नाही."

मी हसलो होतो. तिथेच चुकलं.

बेडोकच्या बाजारातला एक प्रसंग सांगतो, म्हणजे आमच्या दोघांच्या स्वभावातलं अंतर कळेल. एका रविवारी मी आणि सुनंदा, माझी बायको, बाईंकडे जेवायला गेलो होतो आणि कोथिंबीर कमी पडली. बाई म्हणाल्या खाली जाऊन आणते, मी म्हटलं मीही येतो, तुम्हाला लुटतील. भाजीवाल्या म्हाताऱ्याशी मी दहा मिनिटं घातली. जुडीवर जुडी फुकट मिळवून विजयाने वळलो, तर बाई शेजारी नुसत्या उभ्या होत्या. त्यांनी काही मागितलंही नव्हतं. म्हाताऱ्याने खाली वाकून टोपलीतून ओल्या कागदात गुंडाळलेली एक जुडी काढून त्यांच्या पिशवीत ठेवली. घरी आल्यावर सुनंदाने दोन्ही निवडायला घेतल्या. माझ्या दोन जुड्यांतून अर्धी निघाली. बाईंच्या जुडीचं एक पान टाकावं लागलं नाही. सुनंदा आजही भांडताना ही कोथिंबीर काढते.

आता माझा राग.

ओकुदांना शाफ्टची पहिली मोठी खेप दिली आणि ती परत आली. माप कमी भरतंय, केसाच्या भागाइतकं, पण कमी. मी पेटलो. प्रत्येक शाफ्ट मी स्वतः मोजलेला. लेथवरून उतरला की लगेच, माझ्या मायक्रोमीटरने, जे मी कुपवाडहून आणलंय आणि ज्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मी बाईंना घेऊन थेट ओकुदांच्या ऑफिसात. टेबलावर शाफ्ट ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. तुमचं यंत्र खोटं आहे. तुमचा तपासनीस झोपलाय. मी तीस वर्षं लोखंड कापतोय, मला माप शिकवायचं कुणी? काम घ्यायचं तर घ्या, नाहीतर दार कुठंय ते मला माहीत आहे. आलेपाक त्या दिवशी मी थुंकून आत गेलो होतो.

बाईंनी रुमाल उजव्या हातात घेतला, उठून उभ्या राहिल्या, आणि शांतपणे दोन-तीन वाक्यं बोलल्या. शेवटी एक लांबलचक शब्द उच्चारून कमरेत वाकल्या. ओकुदाही उठले, वाकले. मग त्यांनी मला त्यांच्या तपासणीच्या खोलीत नेलं. खोली गार, वीस डिग्रीला बांधून ठेवलेली. तिथे ते आलेले शाफ्ट रात्रभर ठेवतात आणि मग मोजतात. माझा शाफ्ट मी मोजला होता तो लेथवरून उतरलेला, कढत, तुआसच्या भट्टीसारख्या शेडमध्ये. लोखंड गरम असताना फुगतं आणि गार झालं की आकसतं, हे पहिल्या वर्षाच्या पोराला माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण कुपवाडला सगळंच गरम, लोखंडही आणि मोजणाराही, तिथे हे कधी नडलं नव्हतं.

खेप पुन्हा करून दिली. काम टिकलं. मी वर्कशॉपमध्ये स्वतःची तपासणीची खोली बांधली, वीस डिग्रीची. मला वाटलं माझ्या खणखणीत बोलण्यानं ओकुदा वरमले.

काही महिन्यांनी तुआसच्या कॅन्टीनमध्ये ओकुदा समोर येऊन बसले. नूडल्स खाता खाता आपल्या तुटक इंग्रजीत म्हणाले, "शिर्के-सान, दॅट डे, युअर अपॉलॉजी. व्हेरी गुड अपॉलॉजी."

"व्हॉट अपॉलॉजी?"

त्यांनी तो लांबलचक शब्द म्हणून दाखवला. मोशिवाके गोझाइमासेन. म्हणजे, माझी चूक आहे आणि ती झाकायला माझ्याकडे काहीही सबब नाही. जपानीतली सगळ्यात जड माफी, असं त्यांनी कौतुकाने समजावलं.

मी जेवण टाकून व्हॅन काढली ती तडक बेडोकला. बाई कुंडीपाशी होत्या. "तुम्ही माझ्या नावानं माफी मागितली?"

"हो."

"मी मागितली नव्हती!"

"माहीत आहे. तुम्ही शाफ्टवर अंगठा फिरवत होतात."

"मग?"

"बोलत होतात तेवढा वेळ तुमचा अंगठा एकाच जागी फिरत होता, शिर्के. जिथे त्यांनी माप कमी असल्याची खूण केली होती तिथे. तोंडाला माहीत नव्हतं, अंगठ्याला होतं. मी अंगठ्याचं भाषांतर केलं."

यावर मी बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माफी माणसाची स्वतःची असते. ती मागायची की नाही, कुणाची, कधी, हे त्यानं ठरवायचं. माझ्या बापाने शाळेत मास्तरांसमोर उभं करून पट्ट्याने झोडला तरी मी 'चुकलं' म्हटलं नव्हतं. आणि या बाईंनी ते वातानुकूलित ऑफिसात दोन वाक्यांत उरकलं. तो शब्द माझ्या कानात इतका रुतला की तुआसला जाताना-येताना व्हॅनमध्ये मी तो रागाने पुटपुटायचो. शिवी पाठ व्हावी तसा पाठ झाला.

तरी मी दुभाषी बदलली नाही. राग वेगळा आणि धंदा वेगळा. त्यांच्यासारखं काम दुसरं कुणी करत नव्हतं, एवढं मलाही कळत होतं.

चार-पाच वर्षं गेली. मग जपानहून बोलावणं आलं. ओकुदांच्या मूळ कंपनीला माझ्याशी पाच वर्षांचा करार करायचा होता, पण त्यांच्या मोठ्या साहेबांना मला समोर बघायचं होतं. मी बाईंना विचारायला गेलो. तोवर त्यांचं ठरलं होतं की ऑक्टोबरात पुण्याला परत जायचं. मुलाची बदली तिकडे झाली होती.

"हा माझा शेवटचा दौरा," बाई म्हणाल्या. "येते. पण मला तिथे एक दिवस हवा. माझा."

"कशाला?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. पुण्यात त्यांना जपानी शिकवणाऱ्या बाई जपानीच होत्या. त्यांच्या गावाबाहेर शिंतो देवाचं एक देऊळ आहे, आणि देवापेक्षा प्रसिद्ध त्याची बाग. वर्षात चार वेळा बाग अंगावरचं बदलते. थंडी सरता सरता प्लम, वसंतात जांभळ्या घडांचा विस्टेरिया, पावसाळ्यात पाण्यात उभे आयरिस, आणि शेवटी लाल मेपल. त्या बाई शिष्यांना म्हणायच्या, बाग एकदा बघितली तर नुसती ओळख होते, चारही वेळा बघितली तर नातं लागतं. ते देऊळ आणि त्या मोठ्या साहेबांचा कारखाना, दोन्ही त्याच भागात. कंपन्यांच्या कामाने तिकडे गेल्या की वाट वाकडी करून लिमयेबाईंनी तीन ऋतू पाहिले होते. प्लम, आयरिस, मेपल. वसंत राहिला होता. आमचा दौरा एप्रिलच्या शेवटी होता.

"आणि ही चौथी वेळ हुकली तर?" मी विचारलं.

"तर नातं लागलं नाही म्हणायचं. या वयात पुण्याहून मला तिकडे कोण नेतंय?"

मी सवयीनं घासाघीस केली. देव समोर आला तरी मी करेन. "पूर्ण दिवस म्हणजे मुक्काम वाढला. अर्धा देतो. बैठक एकला संपेल. एकनंतरचा दिवस तुमचा. दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान."

"चालेल," बाई म्हणाल्या. एका शब्दात. समोरचा असा चटकन हो म्हणाला की मला वाटतं आपणच फसलो.

बैठक साडेनऊला सुरू झाली. मोठे साहेब, ओकुदा, आणखी तिघे. सगळं साडेबारापर्यंत जमलं, एक कलम सोडून. मला हवं होतं की माल तपासायचा तो माझ्या खोलीत, माझ्या माणसांनी, माझ्या सहीने. त्यांनी पुन्हा तपासायचा नाही. याच्यात पैशाचा संबंध नव्हता. ज्या खोलीवरून माझी नाचक्की झाली होती, तसल्याच माझ्या खोलीवर मला त्यांची मान हलायला हवी होती. या वेळी ऐकू आलं म्हणून नाही, पटलं म्हणून.

मोठे साहेब गप्प बसले. जपानी माणसाचं गप्प बसणं म्हणजे बंद शटर असतं. ठोकत बसायचं नाही, उघडेपर्यंत बाहेर थांबायचं, हे मला बाईंनीच शिकवलं होतं. मी थांबलो. एक वाजला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं नाही. दोन वाजले. त्यांनी कागद मागवले, तापमानाच्या नोंदी विचारल्या. मी उत्तरं देत गेलो, बाई शब्द नेत गेल्या आणि आणत गेल्या. रुमाल डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. आवाज तोच, वेग तोच. सकाळपासून पोटात दोन आलेपाकाच्या वड्या.

साडेतीनला मोठे साहेब उठले आणि मान हलवली. या वेळी मला हातही दिसले. सही होऊन बाहेर पडेपर्यंत चार वाजून गेले.

टॅक्सीत बसल्यावर मी विचारलं, "बाग किती वाजेपर्यंत?"

"साडेचार."

"आणि इथून?"

"पाऊण तास."

"बाई! तुम्हाला माहीत होतं? मग एक वाजता बोलायचं नाही का? अर्धा दिवस तुमचा होता, मी शब्द दिला होता!"

"तुमचं वाक्य अर्धं होतं, शिर्के. अर्धं वाक्य टाकून मी उठत नाही."

एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ओरडणाऱ्याला तोंड देऊ शकतो. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि रुमालाची घडी पुन्हा नीट घालत होत्या. आयुष्यभर मी सौदे केले, पण आपण जिंकलो आणि समोरच्याचं काय गेलं, हे शेजारी बसून कधी पाहिलं नव्हतं.

पोचलो तेव्हा पावणेपाच वाजून गेले होते. लाल लाकडी कमान, पुढे दगडी पायऱ्या. मी दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेलो, मागे वळून बघतो तर बाई दगडी कुंडापाशी. लांब दांड्याच्या पळीने आधी डावा हात, मग उजवा, मग ओंजळीतलं पाणी तोंडाला.

"बाई, फाटक बंद होतंय!"

"हात धुतल्याशिवाय आत जात नाहीत."

देवळात जाता येत होतं, पण बाग बाजूला, तिचं फाटक वेगळं. तिथे एक सत्तरीचा माणूस, विटक्या निळ्या डगल्यातला, फाटकात आडवा बांबू लावत होता. हातात लांब झाडू. बांबूच्या पलीकडे वळणामागे बाग दडलेली, दिसत काही नव्हतं. पण वास येत होता, दाट, गोडसर, आणि भुंग्यांचा घुमणारा आवाज. माझा जन्म यंत्रांत गेला, मला आधी वाटलं कुठेतरी मोटार चालू आहे.

मी घाईने म्हटलं, "बाई, याला सांगा की आम्ही सिंगापूरहून आलोय. सांगा की उशीर मीटिंगमुळे झाला. सांगा की उद्या पहाटे विमान आहे. काय लागेल ते देऊ म्हणावं."

बाईंनी रुमाल पर्समध्ये ठेवला आणि पर्सचा खटका लावला. "मी आज दुभाषी नाही. एक वाजल्यापासून सुट्टीवर आहे. तुम्हीच दिलीत."

"अहो, ही काय वेळ आहे?"

"काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

तो म्हातारा आमच्याकडे बघत उभा. मी त्याला इंग्रजीत सुरुवात केली, त्याने मान हलवली, आणि ती मान कसली ते मला आता कळत होतं. खिशात हात घातला, तर त्याने असं पाहिलं की हात तसाच बाहेर काढला. माझ्याकडे भांडायला भाषा नव्हती, द्यायला पैसा चालत नव्हता, आणि भाव करायला माल नव्हता. सबब म्हणाल तर तीही नव्हती. बैठक लांबली नव्हती, मी लांबवली होती.

जपानीतला एकच शब्द मला येत होता. रागाने पाठ केलेला.

मी दोन्ही हात पँटीला चिकटवले, कमरेत वाकलो आणि म्हटलं, "मोशिवाके गोझाइमासेन."

पाठीत कळ आली तरी तसाच राहिलो. वर बघायची लाज वाटत होती. पायांखालच्या दगडी फरशीवर जांभळ्या पाकळ्या वाऱ्याने येऊन पडल्या होत्या, त्या मोजत राहिलो.

म्हातारा काहीतरी लांबलचक बोलला. बाईंचा हसू दाबल्याचा आवाज आला. बांबू निघाल्याचा खडखडाट झाला तेव्हा मी सरळ झालो.

"काय म्हणाले?"

"सुट्टीवर आहे म्हटलं ना," बाई म्हणाल्या. पण मग सांगितलं. "म्हणाले, एवढी मोठी माफी देवळात मागायची असते, मी नुसता झाडणारा. बाग बंद झाली ती झाली. पण आतलं झाडून व्हायचंय, आणि झाडत असेपर्यंत बांबू बाजूला असतो."

त्यांनी पर्स पुन्हा उघडली, आलेपाकाचा डबा काढला आणि एक वडी माझ्या तळहातावर ठेवली. "चला."

"तुम्ही जा. माफी मागून मिळालेल्या जागेत मी पाय ठेवत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. परत तसंच, एका शब्दात.

इथे थोडं थांबून पुढचं उरकून घेतो, म्हणजे शेवट मला हवा तिथे करता येईल. बाई ऑक्टोबरात पुण्याला गेल्या. जाताना उमेची कुंडी माझ्या व्हॅनमध्ये चढवून गेल्या, विचारलं नाहीच. ती मी तपासणीच्या खोलीत खिडकीशी ठेवली, वीस डिग्रीत. तिथे ती काही फुलली नाही. एका जानेवारीत मात्र तिची सगळी पानं गळाली. फोरमन म्हणाला, "बॉस, डेड. थ्रो?" मी पुण्याला फोन लावला आणि बाईंना ऐकवलं, की तुमचं झाड मेलं, घ्या. त्यांनी विचारलं, काडीला नखाने खरवडून बघा, आत हिरवं आहे का? होतं. "मग अभिनंदन, शिर्के," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे हिवाळा आला." मार्चात पालवी फुटली. फुलाचं अजून नाव नाही. मी बर्फ घालत नाही. कधीतरीच घालतो.

फोनवर मी त्यांना अजूनही सुनावतो, की ती ओकुदांसमोरची माफी माझी होती आणि तुम्ही ती मला न विचारता वापरलीत. त्या म्हणतात, "दुसरी तुम्हीच मागितलीत ना? मग पहिलीवरून कशाला भांडता?" दुसरी मागितली म्हणून पहिलीचा हक्क जात नाही. हे त्यांना पटत नाही, मला त्यांचं पटत नाही. बरं चाललंय.

तर, ते फाटक. मी बांबूच्या अलीकडे उभा राहिलो, तोंडात आलेपाक. तिथूनच कडेला सरकून मान वाकडी केली तर वळणामागचा मांडव दिसत होता. द्राक्षाच्या मांडवासारखा, आमच्या सांगलीकडे असतो तसा, फक्त घड जांभळे आणि हातभर लांब, शेकड्यांनी खाली लोंबणारे. उतरतं ऊन त्यांतून गाळून खाली येत होतं. लिमयेबाई त्याच्या मधोमध उभ्या होत्या. पांढरे कॅनव्हासचे बूट जोडलेले, पर्स कोपरात. फोटो काढला नाही. फुलांना हात लावला नाही. मान वर करून नुसत्या उभ्या. मग हळूहळू त्यांनी दोन्ही हात पुढे घेतले, रिकामे, तळवे वर, कुणी काही देणार असल्यासारखे. त्या हातांकडे बघायला मला त्यांनीच शिकवलं होतं. मी पाहिले.

त्यांच्या मागे तो म्हातारा झाडत होता. मी वर्कशॉप चालवतो, कुठलं काम किती वेळात होतं ते मला बघताक्षणी कळतं. ते अंगण वीस मिनिटांचं होतं. तो एका फरशीवरून झाडू फिरवायचा, पाकळ्या गोळा करायचा, वर बघायचा, आणि पुन्हा तीच फरशी झाडायला घ्यायचा. ऊन मांडवावरून उतरून गेलं तरी त्याचं अर्धं अंगण बाकी होतं. माझ्याकडे असता तर मी त्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता.

आलेपाक विरघळून कधीच संपला होता. मी तरीही काही बोललो नाही.